एक्सफोलिएट म्हणजे घासणं नाही: या शब्दामागची गोष्ट

नागपुरात हल्ली कुठल्याही पार्लरच्या रेटकार्डवर एक्सफोलिएशन दिसतं, आणि ते काय असतं विचारलं की स्क्रब असं सांगतात, म्हणजे दाणेदार क्रीम घेऊन चेहरा खसाखसा घासायचा. पण या क्रियापदात घासणं मुळात नव्हतंच.

लॅटिनमध्ये फोलियम म्हणजे पान, त्यावरून एक्सफोलिआरे, पानं उतरवणं. पोर्टफोलिओ, पोळ्या गुंडाळतो ती फॉइल, सगळे याच घरातले. फॉलिक ॲसिडसुद्धा, 1941 मध्ये पालकाच्या पानांतून काढलं म्हणून ते नाव पडलं.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला तो सर्जन लोकांच्या तोंडी, आणि तोही हाडाबद्दल. जखमेत उघडं पडलेलं हाड मेलं की त्याचा पातळ पापुद्रा खालच्या जिवंत हाडापासून आपोआप सुटायचा, त्याला म्हणायचे हाड एक्सफोलिएट झालं. आपोआप सुटणं हे यातलं खरं महत्त्वाचं.

मग तो भूगर्भवाल्यांनी उचलला. मराठीत भूगोलवाले याला अपपर्णन म्हणतात आणि मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यातही पानच आहे. ग्रॅनाइटचे मोठाले थर असे सुटतात. आपल्याकडे सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसॉल्टची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, या दगडात याचंच भावंड बघायला मिळतं. पश्चिमेकडे रस्त्यासाठी टेकडी कापलेली असेल तिथे जवळ जाऊन बघा, कांद्यासारखे गोल गोळे, बाहेरचे पापुद्रे पिवळट तपकिरी, बोटाने ओढले तरी निघतात आणि आत टणक काळा गोटा. पाणी फटींतून शिरतं, कोपरे आधी कुजतात, म्हणून गोल.

चेहऱ्यावर हा शब्द शेवटी आला. त्वचेचा वरचा मेलेला थर रोज थोडा थोडा गळतच असतो, तरुणपणी साधारण महिनाभरात नवा येतो. म्हणून मला तरी वाटतं की रगडण्यापेक्षा लॅक्टिक किंवा ग्लायकोलिक ॲसिड या शब्दाच्या जास्त जवळचं आहे, ते मेलेल्या पेशींना धरून ठेवणारी पकड सैल करतं आणि थर आपसूक सुटतो. फक्त अशी ॲसिडं लावली की त्वचेला ऊन जास्त बाधतं, त्यामुळे आपल्या मे महिन्यात लावायचंच असेल तर रात्री लावा आणि दिवसा सनस्क्रीन अन् स्कार्फ दोन्ही पाहिजेच.