घरंगळणाऱ्या वस्तूंमधला टॉर्क आणि घर्षण

एखादी गोल वस्तू पुढे जाता जाता स्वतःभोवती पण फिरते त्याला घरंगळणं म्हणतात. न घसरता घरंगळत असेल तर तिच्या मध्याचा वेग म्हणजे त्रिज्या गुणिले कोनीय वेग (म्हणजे ती किती झपाट्याने स्वतःभोवती फिरते तो वेग), आणि यातून एक गोष्ट निघते जी पहिल्यांदा ऐकली की पटतच नाही, ती म्हणजे जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणापुरता चक्क थांबलेला असतो आणि सगळ्यात वरचा बिंदू मध्याच्या दुप्पट वेगाने पळत असतो. म्हणून चाक कितीही जोरात धावू दे, खाली जे घर्षण असतं ते स्थितिक घर्षण, म्हणजे एकमेकांवर न घसरणाऱ्या पृष्ठभागांमधलं घर्षण.

टॉर्क म्हणजे बलाची फिरवायची ताकद: बल गुणिले आसापासून बलाच्या रेषेपर्यंतचं लंब अंतर. आता उतारावरून येणारा चेंडू बघा. त्याचं वजन मध्यातून लागतं, उताराचा आधार पण बरोब्बर मध्याकडे रोखलेला, म्हणजे दोघांचा मध्याभोवतीचा टॉर्क शून्य, मग चेंडूला फिरवतं कोण? फक्त घर्षण. उतार पूर्ण गुळगुळीत असता तर चेंडू न फिरता नुसता घसरत आला असता.

फिरण्यात ऊर्जा जाते म्हणून घरंगळणारी वस्तू घसरणाऱ्यापेक्षा हळू येते. घसरणारीचं त्वरण १ धरलं तर भरीव गोळ्याचं ५/७, भरीव नळकांड्याचं २/३ आणि पातळ कडीचं १/२. वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही समीकरणातून उडून जातात! शर्यत ठरते ती वस्तुमान मध्यापासून किती लांब पसरलंय यावर, त्यामुळे छोटा भरीव गोळा मोठ्या जड कडीला आरामात हरवतो. माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच.

घर्षण दरवेळी जास्तीत जास्त असतं असं बरेच जण धरून चालतात, ते चूक आहे. स्थितिक घर्षण लागेल तेवढंच येतं. नळकांड्याला उतारावर वजनाच्या उताराच्या दिशेतल्या भागाच्या १/३ एवढं पुरतं, ३० अंशाच्या उतारावर घर्षणांक (जास्तीत जास्त घर्षण भागिले आधाराचं बल) साधारण ०.१९ पेक्षा कमी पडला तरच ते घसरायला लागतं.

दिशा पण ठरलेली नसते. सायकलवर पायडल मारून वेग वाढवताना मागचं चाक जमिनीला मागे ढकलतं म्हणून त्याच्यावरचं घर्षण पुढे, पण पुढच्या चाकाला नुसतं ढकललं जातं, त्याला फिरवायला घर्षण मागे लागतं. दोन्ही ब्रेक लावले की दोन्हीकडे मागे.

मग सपाट जमिनीवर सोडलेला चेंडू का थांबतो? नुसतं मागे लागणारं घर्षण हे उत्तर अपुरं आहे, कारण त्याचा टॉर्क चेंडूला उलट जास्त जोरात फिरवेल, आणि वेग कमी होताना फिरणं वाढलं तर न घसरण्याची अटच मोडते. खरं कारण असं की चेंडू आणि जमीन टेकतात तिथे थोडी दबतात, दबलेला भाग परत वर येताना सगळी ऊर्जा परत देत नाही, त्यामुळे जमिनीचा आधार मध्याच्या किंचित पुढे सरकतो आणि फिरण्याच्या विरुद्ध टॉर्क देतो. रुळावरचं स्टीलचं चाक फार कमी दबतं, म्हणून त्याचा हा रोध रस्त्यावरच्या रबरी टायरच्या कितीतरी पट कमी असतो.