गळाचा भाद्रपद: ठाण्याच्या पाण्यावरील एका हंगामाची पार्श्वभूमी

कृत्रिम माशी बांधलेल्या गळाने मासे धरण्याच्या छंदाला, म्हणजेच फ्लाय फिशिंगला, युरोप-अमेरिकेत एक ठरलेले पंचांग आहे आणि त्यात उन्हाळा सरून पानगळ सुरू होण्याचा काळ विशेष मानाचा समजला जातो. ठाणे, बदलापूर किंवा नवी मुंबईत राहून हा छंद शिकणारा माणूस बहुधा तेच पंचांग हाती घेतो आणि सप्टेंबरची वाट पाहू लागतो. त्या दिवसांत त्याला मासे मिळतातही. परंतु ते ज्या कारणाने मिळतात ते कारण त्या पंचांगात लिहिलेले नसते.

मूळ पद्धत थंड पाण्याची आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधीकाळात ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील अस्ट्रिअस नदीवरच्या मासेमारीचे वर्णन केले आहे. खरी माशी हात लागताच रंगरूप गमावते, म्हणून तिथले लोक गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळून तिला कोंबड्याची दोन पिसे जोडत. पुढे इंग्लंडमध्ये 1496 साली छापलेल्या एका छोट्या प्रबंधात आणि नंतर सतराव्या शतकात या कलेला शिस्त आली. तोवर काठीच्या टोकालाच दोरी बांधलेली असे आणि ती घोड्याच्या केसांची असे. रीळ, रेशमी दोरी, चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या जोडून केलेली काठी ही सारी नंतरची भर आहे. साध्या गळात शिशाचे वजन दोरीला ओढून नेते, तर इथे पिसाच्या माशीला वजनच नसते, म्हणून दोरी मुद्दाम जड केलेली असते आणि फेक त्या दोरीच्या वजनावर होते. या छंदातले सारे कौशल्य त्या फेकीत आहे.

या पद्धतीचा मानकरी मासा ट्राउट. पाण्याचे तापमान 20 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले की तो सुस्तावतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. उन्हाळा उतरला की पाणी गार होते, प्राणवायू वाढतो, काठच्या गवतातले नाकतोडे आणि मुंग्या पाण्यात पडू लागतात आणि तपकिरी ट्राउट अंडी घालण्याच्या आधी भरपूर खातो. म्हणजे तिकडच्या हंगामाच्या मुळाशी थंडी आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी हा छंद भारतात आणला तेव्हा त्यांना मासाही सोबत आणावा लागला: काश्मीरमध्ये 1900 च्या सुमारास आणि निलगिरीत त्यानंतर काही वर्षांनी ट्राउटची अंडी जहाजांतून आणून वाढवली गेली. कोकणात तसे करण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आपले पाणी त्या माशाला कधीच मानवले नसते.

आपल्याकडे भाद्रपदानंतर पाणी गार होत नाही, हवा तर उलट तापते. मुंबई-ठाण्यातून नैर्ऋत्य मोसमी वारे परतण्याची सर्वसाधारण तारीख आता 8 ऑक्टोबर धरली जाते आणि ढग हटताच ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो. बदलतो तो पाण्याचा गढूळपणा. आषाढात उल्हास, काळू आणि भातसा या नद्या लाल माती घेऊन धावतात आणि त्या पाण्यात माशाला हातभर अंतरावरचेही दिसत नाही. पूर ओसरल्यावर गाळ बसतो, ऊन आत शिरते आणि डोळ्याने भक्ष्य शोधणारे मासे पुन्हा शिकारीला लागतात. श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास पहाटे दक्षिणेला अगस्त्य तारा उगवतो आणि त्याच्या उदयाने पाणी निवळते, असे संस्कृत कवी मानत आले. कारण त्यांनी ताऱ्यात शोधले असले तरी वेळ अचूक टिपली होती. पिसांची माशी हे निव्वळ नजरेला दाखवलेले आमिष असल्यामुळे तिचा हंगाम इथे नितळपणावर ठरतो, गारव्यावर नाही.

गळाने मासे धरण्याची करमणूकही इथे इंग्रजांच्या आधीची आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. त्यात समुद्रातले व गोड्या पाण्यातले अनेक मासे, त्यांना घालायचा चारा, काठी, दोरी आणि गळ यांची माहिती येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये त्यावर निबंध लिहून ते अभ्यासकांपुढे आणले. हा ग्रंथ तयार झाला त्याच सुमारास श्रीस्थानक, म्हणजे आजचे ठाणे, ही राजधानी असलेल्या उत्तर कोकणात शिलाहार अपरादित्य राज्य करीत होता. ठाण्यातील तलावांचे श्रेय परंपरेने शिलाहारांनाच दिले जाते. त्या तलावांवरही राजे-सरदार गळ टाकून बसत होते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ग्रंथ कल्याणीचा आहे आणि ते कल्याण उल्हासकाठचे नव्हे, आजच्या कर्नाटकातले आहे.

सामान्य माणसाची मासेमारी मात्र पावसाच्या आरंभाशी बांधलेली होती. मृगाच्या जोरदार सरींनंतर मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून भातखाचरांकडे चढतात. ती वलगण पाग, सापळे आणि हात यांनी धरण्याची प्रथा ठाणे-रायगडच्या गावांत आजही आहे. नदीकाठच्या कातकरी वस्त्यांत बांबूच्या काठीला दोरी बांधून गांडुळावर मासे गरवतात आणि घोड्याच्या केसांची जागा तंगुसाने, म्हणजे नायलॉनच्या दोरीने, घेतली एवढे सोडले तर ती काठी जुन्या युरोपीय काठीहून फारशी वेगळी नाही. खाडीकाठच्या कोळ्यांचे वर्ष नारळी पौर्णिमेला उघडते. इथे हे नमूद करायला हवे की अंड्यांनी भरलेली मादी वलगणीत धरली जाते, तर भाद्रपदापर्यंत बहुतेक जातींचे मासे अंडी घालून मोकळे झालेले असतात; छंदासाठी गळ टाकणाऱ्याने पावसाच्या आरंभाऐवजी त्याचा शेवट निवडावा, याचे हे दुसरे आणि माझ्या मते अधिक सबळ कारण आहे.

ब्रिटिश काळाने दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे माशांची नोंद. कर्नल विल्यम साइक्स याने मुळा-मुठेच्या पाण्यातील महासीर या नदीतल्या मोठ्या माशाचे शास्त्रीय वर्णन 1839 मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याला दिलेले खुद्री हे नाव आजही चालते. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने 1873 मध्ये भारतातील गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिल्यावर इंग्रज शौकिनांनी ट्राउटची सारी हौस महासीरावर भागवायला सुरुवात केली. हा मासा काठावरून पडलेली फळेही खातो, त्यामुळे त्याच्यासाठी माशी बांधणाऱ्याला कीटकांच्या पलीकडे पाहावे लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे साठवलेले पाणी. विहार तलाव 1860 मध्ये, तानसा 1892 मध्ये आणि दरम्यान पवई तयार झाला. पवईचे पाणी पिण्यासाठी फारसे उपयोगी पडले नाही, पण गळवाल्यांना ते फळले. महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशनचे नाव त्याच तलावाशी जोडलेले आहे. उल्हासची कथा याहून वेगळी आहे. टाटांचे भिवपुरी वीजकेंद्र 1922 मध्ये सुरू झाले. तेव्हापासून घाटमाथ्यावर आंध्रा नदीत अडवलेले, एरवी भीमेकडे गेले असते असे पाणी वीज निर्माण करून उल्हासच्या खोऱ्यात उतरते. त्यामुळे कोकणातल्या इतर नद्या हिवाळ्यानंतर डोहांपुरत्या उरतात तेव्हाही उल्हास वाहती राहते. टाटांच्याच लोणावळ्याजवळील वळवण केंद्रात 1970 च्या दशकापासून महासीराची पिल्ले तयार केली जाऊ लागली आणि डॉ. सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांचे त्यावरील काम देशभर उपयोगी पडले. उल्हासवर भाद्रपद-अश्विन सोयीचा असण्याचे आणखी एक साधे कारण आहे: उन्हाळ्यात कल्याण-बदलापूरच्या पट्ट्यात पात्र झाकून टाकणारी जलपर्णी पुराने वाहून गेलेली असते आणि माशी टाकायला उघडे पाणी मिळते.

शहरातल्या तलावांत आज जे मासे आहेत त्यांतले बरेचसे बाहेरून आलेले आहेत. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडील नद्यांचे मासे आणि ते तळ्याच्या साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. हिरालाल चौधरी यांनी 1957 मध्ये ओडिशात पियुष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन घडवले आणि त्यानंतरच त्यांचे बीज गावोगावच्या तळ्यांत सोडता येऊ लागले. चिलापी, म्हणजे तिलापिया, 1952 मध्ये देशात आणला गेला आणि तो कोणत्याही मदतीशिवाय पसरला. नवशिक्याला माशीवर पहिला मासा मिळतो तो बहुधा हाच. मरळ मात्र इथलाच. तो पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरतो आणि बेडकासारखे दिसणारे काहीही हलले की त्यावर झडप घालतो. पाऊस संपताना तळ्यांवर चतुरांचे थवे दिसतात. त्यांतली एक जात याच सुमारास भारतातून समुद्र ओलांडून मालदीवकडे जाते. त्यांच्या अळ्या पावसाळी पाण्यातच वाढलेल्या असल्यामुळे अळीच्या रूपाची तपकिरी माशी या दिवसांत चालते.

नवी मुंबईत गोड्या पाण्यापेक्षा खाडी महत्त्वाची आहे. सिडकोची स्थापना 1970 मध्ये झाली आणि भरतीच्या वेळी पावसाचे पाणी शहरात तुंबू नये म्हणून वाशी, बेलापूर अशा ठिकाणी डच पद्धतीचे धारण तलाव आखले गेले. खाडीशी जोडलेल्या अशा निमखाऱ्या पाण्यात बोय सापडते आणि नशीब असेल तर जिताडाही. जिताड्याची पिल्ले पावसाळ्यात खाडीतून आत येतात आणि रायगडचे शेतकरी ती धरून आपल्या तळ्यांत वाढवत आले आहेत. लहान मासे आणि कोळंबी खाणारा हा मासा पिसांच्या नकलेवर जोरात येतो, पण भरतीची वेळ चुकली तर दिवस वाया जातो, आणि तिथे पानगळीचे पंचांग अजिबात कामाला येत नाही.

ठाण्याच्या तलावांवर याच दिवसांत गणेश विसर्जन येते. मूर्तींचे रंग, प्लास्टर आणि निर्माल्य यांमुळे प्राणवायू घटून मासे मरण्याचा धोका लक्षात घेऊन केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2010 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या 2020 मध्ये सुधारल्या, आणि महापालिका कृत्रिम तलाव बांधू लागल्या. त्यामुळे अनंत चतुर्दशीनंतरचे काही दिवस विसर्जनाच्या तलावावर गळ न टाकणे शहाणपणाचे. अनेक तलावांतील मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असतात आणि धरणांच्या जलाशयांवर प्रवेशालाच बंदी असू शकते, म्हणून परवानगी आधी विचारावी लागते. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे; असा प्रकार झालेल्या डोहात पुढचे कित्येक महिने माशी टाकण्यात अर्थ नसतो, हे नदीकाठचा कोणताही जुना गळवाला सांगेल.