न्यूस्टेडचा काळा साधू: पार्श्वभूमी

इंग्रज कवी लॉर्ड बायरनच्या घरात काळ्या साधूचं भूत वावरतं, अशी आख्यायिका. त्या घराला न्यूस्टेड अ‍ॅबी म्हणतात, पण तिथे वरच्या दर्जाचा मठ म्हणजेच अ‍ॅबी कधीच नव्हती. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमध्ये राजा दुसऱ्या हेन्रीने ११७०च्या सुमारास स्थापलेली ती ऑगस्टिनियन पंथाची प्रायरी, म्हणजे दर्जाने एक पायरी खालचा मठ. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ मध्ये, मठ खालसा झाला. पुढच्याच वर्षी सर जॉन बायरन यांनी तो ८१० पौंडांना घेतला आणि मठाच्या इमारतीतच संसार थाटला. चर्चची पश्चिमेकडची दर्शनी भिंत तेवढी उरली आहे. समोरून भव्य चर्च वाटतं, मागे गेलं की नुसतं गवत.

देवस्थानची जमीन पचत नाही, ही समजूत तिकडेही होती. पाचव्या लॉर्ड बायरनने तिला खतपाणीच घातलं. १७६५ मध्ये त्याने लंडनच्या एका टॅव्हर्नमध्ये विल्यम चॅवर्थ या नातेवाइकाला द्वंद्वात मारलं, पुढे इस्टेट पार खिळखिळी केली. १७९८ मध्ये तो वारला तेव्हा मुलगा आणि नातू दोघेही आधीच गेलेले. वारसा आला भावाच्या नातवाकडे, दहा वर्षांच्या भावी कवीकडे.

त्याने मठाचं भय खेळण्यासारखं वापरलं. आवारात सापडलेली कवटी कुणा साधूची असावी असं धरून तिचा दारूचा पेला करवला. १८०८ मध्ये लाडका कुत्रा बोसन रेबीजने मेला, तर त्याची समाधी चर्चच्या अवशेषांतच बांधली.

काळ्या साधूचं सर्वांत गाजलेलं रूप मात्र त्याच्याच ‘डॉन जुआन’ या दीर्घकाव्यातलं, १८२४च्या सोळाव्या सर्गातलं. तिथे घराण्यात वारस जन्मला की साधू विव्हळतो आणि कुणी मरायला टेकलं की येतो, पण शोक करत नाही. सर्गाच्या अखेरीस झग्याआडून निघते एक हाडामांसाची डचेस! हा शेवट गाळला तरच भूत टिकतं.

या साधूचं ‘ब्लॅक फ्रायर’ हे इंग्रजी नावही फसवं. ते डॉमिनिकन पंथाच्या साधूंचं. न्यूस्टेडला राहत ते ऑगस्टिनियन ‘कॅनन’, म्हणजे मठात एकत्र राहणारे धर्मगुरू. त्यांचा वरचा झगा काळा, म्हणून हा घोळ.

कर्जाने टेकीला आलेल्या बायरनने १८१७ मध्ये वास्तू शाळासोबती थॉमस वाइल्डमनला ९४,५०० पौंडांना विकली. त्याच्याकडे मुक्काम केलेल्या अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्विंगने १८३५च्या पुस्तकात इथल्या भूतकथा नोंदवल्या. १९३१ मध्ये सर ज्युलियन कान यांनी वास्तू नॉटिंगहॅम शहराला दिली.