कपड्यांवर पांढरं पांढरं चिकटतंय? आधी फिल्टरमधून पाणी पडतंय का ते बघा

(आमच्याकडे वॉशिंग मशीन रिपेअरला देणाऱ्या आणि जुनं मशीन विकायच्या विचारात असलेल्या ग्राहकांसाठी)

"काळ्या लेगिंगवर सगळं पांढरं पांढरं येतंय, मशीनला आठ-दहा वर्षं झाली, आता बदलायलाच पाहिजे ना?" असं विचारणारे फोन दुकानात सारखे येतात आणि बहुतेक वेळा आमचं उत्तर "थांबा, घाई करू नका" हेच असतं. कपडा पाण्यात घुसळला की त्याचे तंतू सुटणारच, काल शोरूममधून आणलेल्या मशीनमध्येही सुटतात, पण नवं मशीन ते जाळीत पकडतं किंवा पाण्याबरोबर बाहेर टाकतं आणि जुन्या मशीनमध्ये या दोन कामांपैकी एक कुठेतरी अडलेलं असतं. ते कुठे अडलंय हे शोधायला मेकॅनिक लागतोच असं नाही, निम्म्या गोष्टी घरी बघता येतात, म्हणून हा कागद.

आधी ते नक्की काय आहे ते ओळखा

सगळं पांढरं म्हणजे लिंट नसतं. कपडा उजेडात धरा आणि चिकटलेलं थोडंसं बोटावर घ्या. मऊ, दोऱ्यासारखं आणि ओढलं की लांबणारं असेल तर ते तंतू, म्हणजे लिंट. पांढरे ठिपके किंवा रेघा असतील आणि कोमट पाण्याचा थेंब टाकून चोळल्यावर विरघळत असतील तर ती न विरघळलेली पावडर आहे, थंडीत गार पाण्यात हे हमखास होतं, त्यावर उपाय म्हणजे पावडर आधी मगभर कोमट पाण्यात कालवून मग टाकायची किंवा सरळ लिक्विड वापरायचं. छोटे छोटे पांढरे तुकडे असतील तर कुणाच्या तरी खिशात टिश्यू पेपर राहिलाय, लग्नसराईत ही केस जास्त येते, जेवणानंतरचा नॅपकिन शर्टाच्या खिशात आणि शर्ट तसाच मशीनमध्ये.

करड्या-काळपट, चिकट पापड्या असतील तर तो मशीनच्या आत साचलेला थर सुटतोय, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय. आणि काळे तेलकट डाग असतील तर मात्र धुणं लगेच बंद करा, सील गेलेलं असतं किंवा गिअरबॉक्सचं ऑइल उतरत असतं, ते काम घरचं नाही.

टॉप लोड आणि सेमी ऑटोमॅटिकवाल्यांसाठी, जरा नीट वाचा

टबच्या आतल्या भिंतीला जाळीची पिशवी किंवा प्लॅस्टिकची चौकट असते तो लिंट फिल्टर, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्या जाळीत पाणी येतं कसं हे फारसं कुणाला माहीत नसतं. तळाला जी फिरणारी चकती असते, पल्सेटर म्हणतात तिला, तिच्या खालच्या बाजूला उभ्या पट्ट्या असतात, चकती फिरली की त्या पट्ट्या खालचं पाणी ढकलतात, ते पाणी टबच्या बाजूच्या पोकळ पट्टीतून वर चढतं आणि फिल्टरच्या तोंडातून परत टबमध्ये पडतं, येताना बरोबर आलेले तंतू जाळीत अडकतात. म्हणजे जाळी कितीही नवी कोरी बसवली तरी पाणी वर चढत नसेल तर ती नुसती शोभेला आहे.

तर पहिली टेस्ट ही. मशीन वॉशला लावा, पाणी नेहमीच्या लेव्हलला भरू द्या आणि फिल्टरच्या तोंडाकडे बघा. झाकण उघडल्यावर काही मॉडेल थांबतात, मग काचेतून मोबाईलचा टॉर्च मारून बघा. चकती फिरेल तसतसं जाळीतून भसाभस पाणी पडायला पाहिजे. पडत असेल आणि तरी लिंट येत असेल तर दोष जाळीत, नाहीतर कपडे भरण्यात. पडत नसेल किंवा नुसतं ठिबकत असेल तर पुढे वाचा.

जाळी बघणं सोपं आहे, काढा आणि उलटी करा, उजेडासमोर धरा. आठ वर्षांच्या मशीनमध्ये जाळी कुठेतरी फाटलेली असतेच, बऱ्याचदा शिवणीजवळ फाटते त्यामुळे पटकन दिसत नाही, आणि प्लॅस्टिकच्या चौकटीचं क्लिप तुटलेलं असलं तर बाजूच्या फटीतून सगळा कचरा परत कपड्यांवर. जाळी धुताना जुना टूथब्रश वापरा, नखांनी खरवडू नका. वाळलेली लिंट ओलीपेक्षा सहज निघते, म्हणून धुणं झालं की फिल्टर काढून बाहेर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी झटका. दर धुण्याला साफ करा असं आम्ही सांगतो, लोक महिन्याला करतात, निदान आठवड्याला तरी करा. नवा फिल्टर स्वस्त असतो पण प्रत्येक मॉडेलचा वेगळा, त्यामुळे ऑनलाइन फोटो बघून मागवू नका, जुना तुटका का होईना तो घेऊन दुकानात या, नाहीतर मशीनच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढून आणा.

जाळी चांगली आहे पण पाणी चढत नाही, तर पल्सेटर. मधला स्क्रू काढला की चकती वर येते, मशीनचा प्लग काढूनच हे करायचं हे वेगळं सांगायला नको. स्क्रू गंजलेला असेल तर जोर लावू नका, डोकं गोल झालं की मग आम्हालाही ड्रिल मारावं लागतं आणि खर्च वाढतो. खाली काय काय सापडतं ते बघून घरचे लोक हसतात, नाणी, हेअरपिना, बटणं, ब्लाऊजचे हुक, आणि या सगळ्यात गुंतलेला लिंटचा ओला गोळा, तोच पाण्याची वाट अडवत असतो. तो काढा, पोकळ पट्टीचं खालचं तोंड साफ करा आणि चकती उलटी करून पट्ट्या बघा. पट्ट्या झिजून बुटक्या झाल्या असतील किंवा एखादी मोडली असेल तर पाणी वर ढकललंच जात नाही, पल्सेटर बदलावा लागतो. हा पार्ट बदलून लिंट थांबलेली मशीनं आमच्याकडे भरपूर आहेत आणि त्यातली बरीच भंगारात निघाली होती.

तेही ठीक असेल तर चकती पुरेशा जोरात फिरत नाहीये. कपडे टाकल्यावर ती अडखळते का, मशीन घुं करून थांबतं का, जळक्या रबराचा वास येतो का ते बघा. बेल्ट ढिला झालेला असतो किंवा मोटरचा कपॅसिटर उतरलेला असतो. दोन्ही कामं छोटी आहेत पण मागचं कव्हर तुम्ही उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहू शकतो. सेमी ऑटोमॅटिकला खालून उंदीर शिरून वायरी कुरतडतात ते वेगळंच, तळाची जाळी पडली असेल तर आम्हाला तेही सांगा, येताना घेऊन येतो.

पाणी कमी, लिंट जास्त

पाणी कमी असेल तर तंतू तरंगतच नाहीत, कपड्यातच फिरत राहतात. लाईट बिल आणि पाणी वाचवायला लोक सगळे कपडे एकदम कोंबून लो लेव्हलला लावतात, मग वरचे कपडे वरच आणि खालचे खालीच. मशीनवर साडेसहा किलो लिहिलंय ते कोरड्या कपड्यांचं वजन, आणि एक जाड जीन्स पाऊण किलोच्या आसपास भरते, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. टब भरल्यावर कपड्यांवर हात आडवा घालून जागा उरली पाहिजे.

लेव्हल हाय ठेवूनही पाणी कमीच येत असेल तर दोन जागा. नळाचा पाईप मशीनला जिथे लागतो तिथे आत छोटी जाळी असते, तीत वाळू आणि गंज बसतो, नळ बंद करा, पाईप सोडवा, जाळी पकडीने हळूच ओढून ब्रशने धुवा, पाच मिनिटांचं काम. दुसरी जागा आत असते, पाण्याची लेव्हल मोजणाऱ्या सेन्सरला जाणारी बारीक नळी, तिच्या तोंडाशी मळ साचला की मशीनला चुकीची लेव्हल कळते, ते आमच्यावर सोडा.

पाणी बाहेर जाताना काय होतं

वॉश संपल्यावर टबमधलं पाणी कपड्यांच्या मधून खाली उतरतं आणि कपडे गाळणीचं काम करतात, तरंगणारी लिंट त्यांच्यावरच बसते. पाणी पटकन गेलं तर कमी बसते, हळूहळू गेलं तर जास्त. त्यामुळे ड्रेन पाईप दुमडलाय का, बाथरूमच्या जाळीत केस अडकून पाणी तुंबतंय का हे बघा. पंप नसलेल्या टॉप लोडचा पाईप जमिनीलगतच पाहिजे, बऱ्याच घरांत तो उंबऱ्यावरून उचलून नेलेला असतो आणि मग थोडं घाण पाणी कायम तळाशी राहतं. एक्स्ट्रा रिन्स लावलं की फरक लगेच दिसतो, थोडं पाणी जास्त जाईल पण काळे कपडे असतील तेव्हा लावाच.

फ्रंट लोड असेल तर

यात ड्रमच्या आत लिंटची जाळी नसते, त्यामुळे ती शोधत बसू नका. खाली कोपऱ्यात छोटं दार असतं, त्यामागे पंपाचा फिल्टर, तो नाणी-पिना-केस पकडायला असतो आणि तंतू बहुतेक पाण्याबरोबर बाहेर जायला पाहिजेत. तो फिल्टर तुंबला की पाणी रेंगाळतं आणि लिंट परत कपड्यांवर. उघडताना खाली परात आणि जुना टॉवेल ठेवा, बारीक नळी असेल तर आधी तिच्यातून पाणी काढून घ्या, आणि गरम पाण्याच्या धुण्यानंतर लगेच उघडू नका, भाजेल. महिन्यातून एकदा पुरे. दाराच्या रबराची घडी बोटाने उलटी करून पुसा, तिथे काय साचलेलं असतं ते बघितल्यावर तुम्ही दर आठवड्याला पुसाल. आणि हाताने धुण्याची पावडर यात घालू नका, फेस जास्त होतो, मशीन नीट खंगाळत नाही.

बोअरचं पाणी असलेल्या सोसायट्या

साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो, नळाच्या तोटीवर पांढरा थर, ही लक्षणं असतील तर पाण्यात क्षार जास्त आहेत. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानलाय आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय. सोसायटीने पाण्याचा रिपोर्ट काढला असेल तर त्यात हा आकडा बघा. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर साबण मिळून चिकट साका तयार होतो, त्यात कपडे मऊ करायला घालतो तो सॉफ्टनर आणि लिंट मिसळते आणि हे सगळं आतल्या ड्रमच्या मागच्या बाजूला, जिथे तुमचा हात पोचत नाही, तिथे थरावर थर बसतं. मग एक दिवस पापड्या सुटायला लागतात.

यासाठी डिस्केलिंग पावडर मिळते, नसेल तर सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं ते, साधारण १०० ग्रॅम. मशीन रिकामं ठेवा, हीटर असेल तर सर्वात गरम प्रोग्रॅम, टब क्लीन असेल तर तो, आणि हीटर नसलेल्या टॉप लोडमध्ये दोन बादल्या गरम पाणी ओतून बाकीचं नळाने भरा, पाच मिनिटं फिरवा, तासभर तसंच ठेवा, मग सोडून दोनदा खंगाळा. याच्याबरोबर ब्लीच किंवा टॉयलेट क्लीनर अजिबात घालायचं नाही, ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की विषारी क्लोरीन गॅस निघतो. वर्षानुवर्षं न साफ केलेल्या मशीनमध्ये पहिल्या वेळेनंतर पापड्या उलट वाढतात, घाबरू नका, सुटलेला थर बाहेर येतोय, पुढची दोन-तीन धुणी पायपुसणी नाहीतर जुन्या चादरींची लावा. सॉफ्टनर आमच्या मते निम्माच वापरा, कंपन्या सांगतात तेवढा लागत नाही.

कपड्यांबद्दल थोडं

टॉवेल, गोधडी, पायपुसणी यांच्याबरोबर पॉलिस्टरचे काळे कपडे टाकले तर जगातलं कुठलंच मशीन तुम्हाला वाचवणार नाही. गडद कपडे आधी, उलटे करून, आणि टॉवेल शेवटी. जुन्या लुगड्यांची गोधडी तर मशीनमध्ये घालूच नका, एकतर ओली झाली की वजन झेपत नाही आणि शिवण उसवली की आतल्या चिंध्या निघतात. ऑनलाइन मिळणारी तरंगती जाळीची फुलं टॉप लोडमध्ये थोडीफार चालतात, फ्रंट लोडमध्ये काही उपयोग नाही.

कधी खर्च करू नये

फिल्टर, पल्सेटर, बेल्ट, कपॅसिटर, इनलेट जाळी, डिस्केलिंग, इथपर्यंत जुन्या मशीनवर पैसे घालायला हरकत नाही. पण गिअरबॉक्स गेलाय किंवा फ्रंट लोडचा ड्रम स्पिनला खडखडतोय आणि हलवला की डुगडुगतोय, म्हणजे बेअरिंग आणि मागचा तीन पायांचा सांगाडाही खाल्लेला असू शकतो, तर खर्च नव्या मशीनच्या निम्म्यापर्यंत जातो आणि तेव्हा आम्ही स्वतःच सांगतो की राहू द्या.

फोन करताना मॉडेल नंबर, मशीन किती जुनं आहे, पाणी कॉर्पोरेशनचं की बोअरचं, आणि फिल्टरमधून पाणी पडतंय की नाही एवढं सांगा. पडत नसेल तर पल्सेटर आणि बेल्ट बरोबरच घेऊन येतो, म्हणजे दुसरी चक्कर आणि तिचा चार्ज दोन्ही वाचतील. मशीनमध्ये ओले कपडे अडकले असतील तर काढून ठेवा, आणि भिंतीपासून थोडं पुढे ओढता येत असेल तर ओढून ठेवा.