बॉयसी स्टेट ब्रॉन्कोज : २०२४ चा हंगाम

अमेरिकेतील आयडाहो राज्याची राजधानी बॉयसी. तेथील बॉयसी स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकी फुटबॉल संघाचा हा हंगाम. संघाने १४ पैकी १२ सामने जिंकले, माउंटन वेस्ट गटाचे विजेतेपद राखले आणि १२ संघांच्या स्वरूपात प्रथमच झालेल्या राष्ट्रीय बाद फेरीत तिसरे मानांकन मिळवले. तथापि या हंगामाची खरी ओळख आहे ती रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) अ‍ॅश्टन जेंटी याचे २,६०१ रशिंग यार्ड. ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सने १९८८ मध्ये केलेल्या, एका हंगामातील २,६२८ यार्डांच्या विक्रमाशी बरोबरी करण्यास त्याला २७ यार्ड कमी पडले. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते. तिच्यापुढे आणखी पाच पावले टाकावीत, एवढेच हे अंतर.

चेंडू हातात घेऊन धावताना खेळाडू जेवढा पुढे सरकतो तेवढे त्याचे रशिंग यार्ड. अशा प्रत्येक प्रयत्नाला कॅरी म्हणतात. प्रतिस्पर्ध्यांनी खेळ जेथून सुरू झाला त्या रेषेच्या मागेच पाडले तर तेवढे यार्ड वजा होतात. म्हणजे क्रिकेटमधील धावांप्रमाणे हा आकडा केवळ वाढत जात नाही, तो घटतोही. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक (पास देणारा मुख्य खेळाडू) पास देण्याआधीच पाडला गेला तर ते नुकसान संघाच्या रशिंगमधून वजा होते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये ते पासिंगमधून वजा करतात. त्यामुळे दोन्हीकडचे सांघिक आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

नोंदींचा आरंभ : पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्झविक येथे रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यात झाला व रटगर्सने तो ६–४ असा जिंकला, असे सामान्यतः मानले जाते. मात्र त्या दिवशीचा खेळ चेंडू पायाने मारण्याचा होता. हातात चेंडू घेऊन धावण्याला त्यात स्थान नव्हते. म्हणून काही अभ्यासक अमेरिकी फुटबॉलचा आरंभ पुढच्या दशकात, रग्बीच्या वळणाचे नियम स्वीकारले गेले तेव्हापासून धरतात. रशिंगच्या इतिहासापुरते हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

अधिकृत राष्ट्रीय आकडेवारी १९३७ पासून उपलब्ध आहे. त्याआधीचे आकडे वृत्तपत्रांच्या वृत्तांतांतून व विद्यापीठांच्या स्वतःच्या वह्यांतून जुळवावे लागतात, आणि ते विक्रमाच्या यादीत धरले जात नाहीत. १९३७ मध्ये कोलोरॅडोचा बायरन व्हाइट १,१२१ यार्डांसह देशात पहिला आला. हाच पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. २,००० यार्डांची मर्यादा ओलांडण्यास मात्र १९८१ उजाडले. त्या वर्षी सदर्न कॅलिफोर्नियाच्या मार्कस अ‍ॅलनने ११ सामन्यांत २,३४२ यार्ड केले.

बाउल सामन्यांचा प्रश्न : नियमित हंगाम संपल्यावर निवडक संघांना खेळायला मिळणाऱ्या सामन्यांना बाउल म्हणतात. फार काळ हे सामने प्रदर्शनी स्वरूपाचे मानले गेले आणि त्यांतील आकडे अधिकृत नोंदीत धरले जात नसत. २००२ पासून राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना, म्हणजे एनसीएए, ते धरू लागली. जुन्या खेळाडूंना मात्र हा नियम मागे जाऊन लावला नाही. आजचे बहुतेक वाद येथून निघतात.

सर्वांत ठळक उदाहरण कारकिर्दीतील यार्डांचे आहे. विस्कॉन्सिनच्या रॉन डेनने १९९९ मध्ये कारकीर्द संपवली तेव्हा त्याच्या नावावर ६,३९७ यार्ड होते. बाउल सामने धरले तर ते ७,१२५ होतात. २०१६ च्या लास व्हेगास बाउलमध्ये सॅन डिएगो स्टेटच्या डॉनेल पम्फ्रीने ६,४०५ यार्डांपर्यंत मजल मारली व विक्रम अधिकृतपणे त्याच्याकडे गेला. पम्फ्रीचे बाउलमधले यार्ड मोजले, डेनचे मोजले नाहीत. एकाच यादीतील दोन ओळी दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या आहेत आणि यादी वाचणाऱ्याच्या ते सहज लक्षात येत नाही.

सँडर्सचेही तेच झाले. त्याचे २,६२८ यार्ड ११ सामन्यांचे आहेत. त्यानंतर हॉलिडे बाउलमध्ये वायोमिंगविरुद्ध त्याने २९ कॅरींत आणखी २२२ यार्ड व पाच टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणे) केले. ते मिळवल्यास बेरीज १२ सामन्यांत २,८५० यार्ड होते. जेंटीने १४ सामने खेळले. त्यांत एक गटाचा अंतिम सामना आणि एक बाउल, म्हणजे सँडर्सच्या हिशेबात न धरलेला सामना, यांचा समावेश आहे.

या तुलनेबाबत तीन भूमिका आढळतात. पहिली, अधिकृत आकडा २,६२८ आणि तोच अंतिम. दुसरी, बाउल धरून २,८५०, म्हणजे जेंटी विक्रमाच्या जवळपासही पोहोचला नव्हता. तिसरी, प्रत्येक सामन्याची सरासरी पाहावी : सँडर्स २३८.९, जेंटी १८५.८. समाजमाध्यमांवर व वृत्तपत्रांत तिसऱ्या भूमिकेचा बोलबाला राहिला. अकरा सामने विरुद्ध चौदा सामने हा युक्तिवाद पटकन पटण्यासारखा आहे. परंतु धावणाऱ्याला संधी मिळते ती कॅरीने, सामन्याने नव्हे. १३ सामने झाले तेव्हा जेंटीच्या नावावर नेमक्या ३४४ कॅरी होत्या, आणि सँडर्सच्या अधिकृत कॅरीही ३४४ च आहेत. तेवढ्याच संधींत सँडर्सचे २,६२८ यार्ड, जेंटीचे २,४९७. शेवटचा सामना दोघांच्याही हिशेबात धरला तर सँडर्स ३७३ कॅरींत २,८५०, जेंटी ३७४ कॅरींत २,६०१. चौदा सामन्यांचा जो फायदा जेंटीला मिळाला असे म्हणतात, तो कॅरींच्या मोजणीत जवळजवळ नाहीसा होतो. सँडर्स तरीही पुढेच राहतो, पण अंतर सामन्यांच्या सरासरीतून दिसते त्यापेक्षा पुष्कळच कमी आहे. २०१४ मध्ये विस्कॉन्सिनच्या मेल्विन गॉर्डनने २,५८७ यार्ड केले तेही ३४३ कॅरींत. याउलट २००७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडाच्या केविन स्मिथला २,५६७ यार्डांसाठी ४५० कॅरी लागल्या. म्हणून प्रस्तुत नोंदीत कॅरींचे माप अधिक विश्वासार्ह मानले आहे.

जेंटीचा हंगाम : ३१ ऑगस्टला जॉर्जिया सदर्नविरुद्ध २० कॅरींत २६७ यार्ड व सहा टचडाउन, अशी सुरुवात झाली. संघ ५६–४५ असा जिंकला. पुढच्या आठवड्यात ओरेगनच्या मैदानावर त्याने १९२ यार्ड केले, पण संघ अखेरच्या क्षणाच्या फील्ड गोलवर (चेंडू पायाने खांबांमधून मारून मिळवलेल्या गुणांवर) ३७–३४ असा हरला. तो ओरेगनचा संघ नंतर नियमित हंगामात एकदाही हरला नाही, हे लक्षात घेतले तर त्या १९२ यार्डांचे मोल कळते.

पहिल्या पाच सामन्यांत जेंटीने ९५ कॅरींत १,०३१ यार्ड केले. सरासरी प्रत्येक कॅरीला १०.९. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचे, यावर हा खेळ बेतलेला आहे. जेंटी ते एका प्रयत्नात करत होता. या पाचांपैकी पोर्टलंड स्टेट (११ कॅरी, १२७ यार्ड) व युटा स्टेट (१३ कॅरी, १८६ यार्ड) या सामन्यांत आघाडी मोठी झाल्यामुळे उत्तरार्धात त्याला खेळवलेच नाही. २७ यार्डांचा विषय निघाला की बॉयसीतील चाहते हे दोन उत्तरार्ध काढतात. त्यांची हळहळ समजण्यासारखी आहे. पण प्रशिक्षक स्पेन्सर डॅनियलसन यांचा निर्णय त्या वेळी योग्यच होता. खेळाडूला पुढे आणखी ९ सामने खेळायचे होते, आणि सँडर्सनेही बाउलमधील २२२ यार्ड सामन्याच्या चारपैकी तीन सत्रांतच केले होते.

त्यानंतर प्रतिस्पर्धी सावध झाले. बचावफळीत जादा खेळाडू उभे करून धावण्याच्या वाटा बुजवू लागले. उरलेल्या ९ सामन्यांत २७९ कॅरी, १,५७० यार्ड, सरासरी ५.६. नेवाडाविरुद्ध ३४ कॅरी, ओरेगन स्टेटविरुद्ध ३७. हंगामाचा हा दुसरा भाग आकड्यांत फिका दिसतो, पण जेंटीची खरी ताकद येथेच पाहावी. प्रत्येक खेळी सुरू होण्याआधी इतर रनिंग बॅक गुडघ्यांवर हात टेकून वाकलेले असतात. जेंटी मात्र हात दोन्ही बाजूंना सैल सोडून ताठ उभा राहत असे, बसची वाट पाहणाऱ्या माणसासारखा. पहिला बचावपटू येऊन आदळला तरी पाय थांबत नसत. त्याचे कितीतरी यार्ड असे धडक बसल्यानंतरचे आहेत.

सॅन डिएगो स्टेटच्या रशाड पेनीचा २,२४८ यार्डांचा गटविक्रम (२०१७) त्याने ओरेगन स्टेटविरुद्ध २२६ यार्ड करून मागे टाकला. विद्यापीठाचा जे अजायी याचा १,८२३ यार्डांचा विक्रम (२०१४) त्याआधीच मागे पडला होता. ६ डिसेंबरला घरच्या निळ्या मैदानावर नेवाडा-लास व्हेगासला २१–७ असे हरवून संघाने गट जिंकला. त्यात जेंटीचे २०९ यार्ड होते. सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूच्या हाइझमन पुरस्काराच्या मतदानात तो कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरमागोमाग दुसरा आला. मॅक्सवेल व डोक वॉकर हे पुरस्कार त्याला मिळाले.

फिएस्टा बाउल : ३१ डिसेंबर २०२४ रोजी ग्लेनडेल (अ‍ॅरिझोना) येथे राष्ट्रीय बाद फेरीच्या या सामन्यात पेन स्टेटशी गाठ पडली. विक्रमासाठी १३२ यार्ड हवे होते आणि त्याआधीच्या १३ सामन्यांपैकी ११ सामन्यांत त्याने त्याहून अधिक केले होते. पेन स्टेटने मात्र त्याला मोकळी जागा मिळूच दिली नाही. संघ सुरुवातीपासून पिछाडीवर पडला, त्यामुळे पासवर भर द्यावा लागला. तरीही ३० वेळा चेंडू जेंटीकडे आला. १०४ यार्ड, एकही टचडाउन नाही. पेन स्टेट ३१–१४ असा जिंकला.

सँडर्सचा अखेरचा अधिकृत सामना याच्या अगदी उलट घडला होता. डिसेंबर १९८८ मध्ये टोकियोत टेक्सस टेकविरुद्ध त्याने ३३२ यार्ड केले. त्या हंगामात ३०० यार्डांची मर्यादा त्याने चार वेळा ओलांडली. जेंटीला ती एकदाही ओलांडता आली नाही. ३७ रशिंग टचडाउनचा सँडर्सचा आकडाही जेंटीच्या २९ पासून बराच दूर राहिला.

संघातील इतर : क्वार्टरबॅक मॅडक्स मॅडसनने पासवर ३,००० हून अधिक यार्ड मिळवून दिले. जेंटीला वाट मोकळी करून देणाऱ्या आघाडीच्या फळीच्या नावावर अधिकृत तक्त्यात यार्ड लागत नाहीत.

जेंटीची विद्यापीठातील एकूण बेरीज ४,७६९ यार्ड झाली. सेड्रिक मिंटरचा ४,४७५ यार्डांचा विद्यापीठविक्रम त्यामुळे मागे पडला. व्यावसायिक संघ नवे खेळाडू घेतात त्या २०२५ च्या निवडीत लास व्हेगास रेडर्सने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतले.