अतिनील किरण आणि रोगप्रतिकारक पेशींतील जनुकक्रिया

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे मानवी रोगप्रतिकारक पेशींतील काही जनुके कार्यान्वित होतात, तर काहींचे कार्य मंदावते. तरंगलांबीनुसार या किरणांचे ए (३१५–४०० नॅनोमीटर), बी (२८०–३१५) आणि सी (१००–२८०) असे गट मानतात. सी किरण वातावरणातच शोषले जातात, बी किरण मुख्यतः बाह्यत्वचेत अडतात आणि ए किरण त्याखालच्या, रक्तवाहिन्या असलेल्या थरापर्यंत जातात. त्यामुळे प्रयोगशाळेत बशीतील रक्तपेशींवर बी किंवा सी किरण सोडून केलेली निरीक्षणे शरीराला जशीच्या तशी लागू करणे योग्य नव्हे.

थेट परिणामाची सुरुवात डीएनएपासून होते. बी किरण शोषले गेले की डीएनएच्या एकाच धाग्यावरील शेजारशेजारचे दोन थायमिन किंवा सायटोसिन घटक एकमेकांना चिकटतात. जनुकाचे वाचन करून आरएनए तयार करणारे आरएनए पॉलिमरेज हे विकर अशा जोडीपाशी अडकते. जनुक जितके लांब तितकी वाटेत अडथळा येण्याची शक्यता अधिक. म्हणून लांब जनुकांचे कार्य आधी थंडावते, तर फॉस आणि जून यांसारख्या आखूड, तातडीने प्रतिसाद देणाऱ्या जनुकांचे कार्य वाढते. याच सुमारास पी५३ हे प्रथिन पेशीत साठते आणि विभाजन रोखणारी, डीएनए दुरुस्त करणारी तसेच पेशीमृत्यू घडवणारी जनुके चालू करते. विश्रांत अवस्थेतील लिंफोसाइट पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) यात विशेष नाजूक ठरतात. खराब तुकडा कापून काढला, तरी ती जागा भरण्यासाठी लागणारे डीएनएचे घटक त्यांच्यात फार कमी असतात. दुरुस्ती अर्धवट राहते आणि पेशी मरण्याची शक्यता वाढते.

शरीरात मात्र अप्रत्यक्ष मार्ग अधिक महत्त्वाचा आहे. बी किरणांमुळे त्वचेतील युरोकॅनिक आम्लाचे ट्रान्स रूप बदलून सिस होते, इंटरल्यूकिन-१० सारखे दाह शमवणारे संदेशरेणू स्रवतात आणि लँगरहान्स पेशी (त्वचेतील पहारेकरी प्रतिकारपेशी) त्वचा सोडून लसीका ग्रंथींकडे जातात. तेथे फॉक्सपी३ जनुक कार्यरत असलेल्या नियामक टी पेशींना (प्रतिकाराला आवर घालणाऱ्या लिंफोसाइट पेशींना) चालना मिळते व प्रतिकार सौम्य होतो. १९७०च्या दशकात प्रतिकारशास्त्रज्ञ मार्गारेट क्रिप्के यांनी दाखवले, की अतिनील किरणांमुळे उंदरांत झालेल्या कर्करोगाच्या गाठी निरोगी उंदरांत रोपल्यास त्यांचे शरीर त्या नाकारते, परंतु आधी हे किरण दिलेल्या उंदरांत त्याच गाठी वाढतात. त्वचेच्या कर्करोगात किरणांची ही दुहेरी भूमिका (गाठ निर्माण करणे आणि प्रतिकार दडपणे) तेव्हापासून गांभीर्याने घेतली जाऊ लागली.

याच बी किरणांनी त्वचेत ड जीवनसत्त्वही तयार होते. त्याचे सक्रिय रूप भक्षक पेशींत कॅथेलिसिडिन या जंतुनाशक प्रथिनाचे जनुक चालू करते. ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते अशा आजाराच्या) रुग्णांत मात्र उन्हामुळे इंटरफेरॉन या प्रतिकार चेतवणाऱ्या संदेशरेणूंशी निगडित जनुके उद्दीपित होऊन आजार बळावू शकतो, म्हणून अशा रुग्णांनी ऊन कटाक्षाने टाळावे.

प्रतिकार सौम्य करण्याच्या गुणाचा वैद्यकात उपयोग होतो. सोरायसिस या त्वचाविकारासाठी सुमारे ३११ नॅनोमीटरचे बी किरण वापरतात. आयुर्वेदात कोडावर वापरल्या जाणाऱ्या बावचीच्या बियांत सोरालेन असते. त्याच गटातील औषध मिसळून रक्ताच्या पांढऱ्या पेशींवर शरीराबाहेर ए किरण सोडण्याचा उपचार टी पेशींच्या त्वचेतील लिंफोमावर (लिंफोसाइट पेशींच्या कर्करोगावर) केला जातो. प्रक्रिया केलेल्या पेशी पुन्हा शरीरात सोडल्यावर त्यांतील लिंफोसाइट हळूहळू मरतात.