व्हीटेक म्हणजे टर्बो नव्हे

‘होंडाच्या जुन्या सिव्हिक गाडीतलं व्हीटेक म्हणजे छोटा टर्बोच,’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. इंजिन सहा हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) आसपास पोचलं की आवाज बदलतो आणि गाडी झेपावते, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बाइनने हवा दाबून इंजिनात ढकलतो. व्हीटेक फक्त व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात हवा घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या झडपा, जास्त उचलतं आणि जास्त वेळ उघडे ठेवतं.

व्हॉल्व्हच्या प्रत्येक जोडीवर कॅमशाफ्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याचे, तीन उंचवटे असतात. इंजिनाचा वेग वाढला की ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते, तिन्ही रॉकर आर्म (उंचवट्यांचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे छोटे दांडे) जोडले जातात आणि मधला उंच उंचवटा सूत्रं घेतो. किती देखणी रचना! 1997 च्या सिव्हिक टाइप आरने टर्बोविना 1.6 लिटरमधून 185 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) काढले, तेही 8200 आरपीएमला.

खात्री करायची तर बॉनेट उघडा. एक्झॉस्टला टर्बाइन जोडलेलं दिसणार नाही.